रोजनिशी का लिहावी? एका भिक्षुकाची, एका सुईणीची आणि एका दुकानदार बाईंची साक्ष

१/
इतिहासावर प्रेम करणाऱ्या आपल्या पिढीला बखरी ठाऊक असतात, लढायांच्या तिथ्या पाठ असतात, किल्ल्याच्या कोणत्या बुरुजावर कोणती तोफ होती हेही सांगता येते. पण १९७२च्या दुष्काळात आपल्या स्वतःच्या घरात काय शिजत होते, हे लेखी आधारानिशी किती जणांना सांगता येईल? या थ्रेडमध्ये एक मत मांडायचे आहे. सामान्य माणसाने स्वतःच्या आयुष्याची लेखी नोंद ठेवणे म्हणजे इतिहासाच्या साधनांत आपला वाटा टाकणे होय. हे काम मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेले नाही. आणि ही नोंद जितकी साधी, तितकी ती पुढे अधिक उपयोगी पडते.

२/
आधी शब्द नीट लावून घेऊ. रोजनिशी म्हणजे घडले त्याच दिवशी, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना केलेली नोंद. आठवणी म्हणजे वर्षांनंतर मागे वळून लिहिलेले. आत्मचरित्र म्हणजे त्या आठवणींना आयुष्याचा एक अर्थ देऊन केलेली मांडणी. तिन्हींत लिहिणारा तोच असला तरी पुरावा म्हणून तिन्हींची जात वेगळी. घटना आणि लेखणी यांच्यात किती काळ गेला, हा प्रत्येक वेळी विचारायचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की, तो कागद आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातांतून आला?

३/
'पेशव्यांच्या रोजनिशा' हे नाव ऐकून अनेकांचा गैरसमज होतो. पेशवे दप्तरातील रोजकीर्दीतून निवडून छापलेल्या त्या नोंदी राज्यकारभाराच्या आहेत: हुकूम, नेमणुका, इनामे, वसुली, न्यायनिवाडे. एखाद्या पेशव्याला त्या रात्री झोप लागली की नाही, हे त्यांत सापडणार नाही. आपल्याकडे कागद कमी नव्हता, लिहिणारेही कमी नव्हते. मराठी राज्य कागदावरच चालत होते. प्रश्न एवढाच होता की, कागदावर स्वतःविषयी लिहायला माणसाला कारण कोणते मिळत होते?

४/
एक ठळक कारण होते हक्काचा तंटा. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी अशा वतनावर वाद उभा राहिला की वतनदार आपला 'करीना' सादर करी. आपल्या घराण्यात कोण कोण झाले, वतन कसे मिळाले, दुष्काळात गाव कसे ओस पडले, भाऊबंदांनी कोणता दगा केला, हे सारे त्यात येई. गावगाड्यातील माणसाचा आवाज अशा कागदांत अनपेक्षितपणे ऐकू येतो. मात्र तो दाव्यासाठी काढलेला आवाज आहे. ज्याला वतन नाही, त्याला असा करीना लिहिण्याचा प्रसंगच येत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

५/
दुसरे कारण भक्तीचे. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपल्या अभंगांतून स्वतःचे बालपण, लग्न, नवऱ्याचा विरोध आणि तुकोबांविषयीची ओढ सांगितली. मराठीतल्या एका स्त्रीने आपले आयुष्य क्रमाने सांगितल्याचा हा फार जुना आणि मोलाचा दाखला. पण त्या निवेदनात पूर्वजन्मही येतात, कारण त्यांच्या दृष्टीने आयुष्य या एका जन्मापुरते नव्हतेच. स्वतःविषयी लिहिणे नेहमीच होते. 'स्वतः' म्हणजे काय, याची कल्पना मात्र काळागणिक वेगळी होती.

६/
तिसरे उदाहरण नाना फडणविसांचे. पानिपताच्या मोहिमेत ते अवघे अठरा वर्षांचे होते. त्या संहारातून निभावून ते परतले, आणि आपल्या तारुण्याविषयी, मनातील विकारांविषयी व पानिपताविषयी त्यांनी एक छोटे आत्मवृत्त लिहिले. त्यातला प्रांजळपणा आजही चकित करतो. पण ते त्या सुरुवातीच्या वर्षांपाशीच थांबते. पुढे सन १८०० पर्यंत ते जगले, सारा कारभार त्यांच्या हातून चालला, त्यांच्या पत्रांनी दप्तरे भरली. राजकारणी नानांविषयी आपल्यापाशी ढीगभर कागद आहेत. माणूस नानांविषयी ही काही पाने.

७/
आता या थ्रेडच्या मुख्य साक्षीदारांकडे येऊ. पहिले विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी आली. तिशीच्या आसपासचे विष्णुभट आपल्या काकांसह उत्तरेला निघाले. साल होते १८५७. महूकडे पोचेतो बंडाची ठिणगी पडलेली. यज्ञासाठी निघालेला हा माणूस थेट इतिहासाच्या वणव्यात शिरला, आणि झाशीला वेढा पडला तेव्हा तो झाशीच्या आत होता.

८/
एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज शहरात घुसल्यावर जी कत्तल आणि लूट झाली, तिचे वर्णन इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतही आहे. गोडसे भटजींचे वर्णन निराळे आहे, कारण ते घराच्या आतून केलेले आहे. लुटीचा क्रम ते सांगतात: आधी सोने, रुपे, रोकड, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे आणि धान्यसुद्धा. लष्करी अहवालात 'शहर ताब्यात आले' एवढ्यात जे संपते, ते इथे एकेका वस्तूने रिकाम्या होत जाणाऱ्या घराचे दृश्य होते. ज्याने आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन शिधा घेतला, त्यालाच घरातून काय काय गेले हे असे मोजता येते.

९/
काल्पीकडच्या वाटेवर त्यांची राणी लक्ष्मीबाईंशी गाठ पडली, तो प्रसंग तर आता सर्वश्रुत आहे. थकलेली, तहानलेली राणी. भटजी विहिरीतून पाणी काढू लागतात. आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, असे म्हणून ती स्वतः पाणी शेंदते. पुतळ्यातली राणी घोड्यावर असते, ओढणाऱ्या हातांची नसते. पुढे भटजींनी मिळवलेला पैसा वाटेत लुटला गेला. अखेर ते घरी आले ते गंगेची कावड घेऊन. त्या जलाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. कर्ज फेडायला निघालेला माणूस पाणी घेऊन परतला.

१०/
आता साक्षीची उलटतपासणी करू. हे सारे गोडसे भटजींनी त्याच दिवशी टिपलेले नाही. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून १८८३च्या सुमारास, म्हणजे पंचवीसएक वर्षांनी, ते मोडीत लिहिले गेले. तिथ्यांचे घोटाळे आहेत, ऐकीव मजकूर आहे. इंग्रजांनी हिंदू-मुसलमानांच्या धर्माचारांवर बंधने घालणारी चौऱ्यांशी कलमे काढली, आणि ती राजेरजवाड्यांपुढे ठेवली, अशी हकीकत ते देतात. अशी यादी कोणत्याही सरकारी दप्तरात मिळत नाही. मग हे खोटे म्हणून बाजूला सारायचे का?

११/
मुळीच नाही. यादी घडली नसेल. अफवा मात्र घडली होती. १८५७ साली धर्मशाळांत, सरायांत, महूच्या वाटेवर शिपाई आणि यात्रेकरू एकमेकांना काय सांगत होते, हे सरकारी कागद आपल्याला सांगू शकत नाहीत. भटजी सांगतात. लोकांनी ज्या गोष्टीवर विश्वास ठेवून जीव धोक्यात घातला, ती गोष्ट 'घडलीच नाही' एवढे म्हणून इतिहासकाराचे काम संपत नाही. व्यक्तिगत नोंदीतील चूकसुद्धा पुरावा असते, मात्र ती चूक आहे हे ओळखता आले पाहिजे. 'आत्मकथन पक्षपाती असते, म्हणून ते साधन नव्हे' हा अनेक कॉमेंटांतून दिसणारा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे. पक्ष नसलेला कागद जगात कोणताच नाही.

१२/
आणि तो कागद आपल्यापर्यंत आला कसा? इंग्रजी अमलात हे छापणे निर्धोक नव्हते. 'माझा प्रवास' प्रसिद्ध झाला १९०७ मध्ये, बंडाला पन्नास वर्षे झाल्यावर. छापताना वैद्यांनी भाषा बदलली, मजकुरात फेरफार केले, काही भाग गाळला. पुढे मूळ मोडी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आले आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मुळाबरहुकूम आवृत्ती काढली. मधली सहा दशके मराठी वाचक जे वाचत होते, ते गोडसे अधिक वैद्य असे मिश्रण होते. वैद्यांनी हस्तलिखित फेकून दिले असते तर आज तुलनाही करता आली नसती. संपादकाने काय बदलले, यापेक्षा मूळ वही जपली गेली, हे मोठे.

१३/
गोडसे भटजींनी त्याच दिवशी, त्याच रात्री लिहून ठेवले असते तर? अशी रोजची नोंद दीर्घकाळ ठेवली की काय होते, हे पाहायला आपल्याला थोडे दूर, अमेरिकेच्या मेन प्रांतात केनेबेक नदीकाठी जावे लागेल. तिथे मार्था बॅलर्ड नावाची सुईण राहत होती. १ जानेवारी १७८५ पासून १८१२ पर्यंत, सत्तावीस वर्षांहून अधिक काळ, तिने रोजनिशी लिहिली. नोंदी दहा हजारांच्या घरात जातात. तिने केलेली बाळंतपणे ८१६. बर्फाळ नदी ओलांडून रात्रीबेरात्री जायचे, बाळंतपण करायचे, परत येऊन दोन ओळी लिहायच्या.

१४/
त्या दोन ओळींत असे काय? हवा कशी होती. कोणाच्या घरी गेले. मुलगा झाला की मुलगी. किती पैसे मिळाले, की पैशांऐवजी एखादी वस्तू मिळाली. मुलींनी किती सूत कातले, मागावर काय लावले. बागेत काय पेरले. राष्ट्राचा जन्म होत होता, राज्यघटना लिहिली जात होती. बाई मात्र घेवडा आणि बाळंतपणे लिहीत होती. १८७० साली त्या गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने ती रोजनिशी पाहिली आणि तिच्यात सर्वसाधारण वाचकाला रस वाटावा असे फारसे काही नाही, असा अभिप्राय दिला. पुढच्या अनेकांनी तीच री ओढली.

१५/
वही टिकली ती घरामुळे. तिच्या वंशातील एका स्त्रीने, जी स्वतः डॉक्टर होती, १९३० मध्ये ती राज्य ग्रंथालयाला दिली. आणखी पन्नासएक वर्षांनी लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाई त्या वहीकडे वळल्या. ज्या नोंदी इतरांना कंटाळवाण्या वाटल्या होत्या, त्याच त्यांनी मोजल्या, कोष्टकांत मांडल्या. त्यातून सुईणपणाचे कौशल्य दिसले. स्त्रियांची सूत-कापडाची देवघेव दिसली, जी पुरुषांच्या हिशेबवह्यांत नव्हती. एका स्त्रीने प्रतिष्ठित न्यायाधीशावर केलेल्या बलात्काराच्या आरोपाचे गावातील पडसाद दिसले. 'अ मिडवाइफ्स टेल' हे पुस्तक १९९० मध्ये आले. १९९१ मध्ये त्याला इतिहासाचे पुलित्झर मिळाले.

१६/
माझ्या मते यातून निघणारा धडा हा या थ्रेडचा कणा आहे. नोंदीचे मोल लिहिणाऱ्याला ठरवता येत नाही, त्याच्या समकालीनांनाही नाही. ते ठरते पुढच्या पिढीच्या प्रश्नांनी. १८७० मध्ये इतिहास म्हणजे नगरपिते आणि युद्धे. म्हणून सुईणीची वही क्षुल्लक. १९८० नंतर इतिहास म्हणजे श्रम, शरीर, घर आणि अर्थव्यवहारही. म्हणून तीच वही खजिना. वही बदलली नव्हती, विचारणारे बदलले होते. 'माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखे आहे तरी काय?' या प्रश्नाचे उत्तर आज देण्याचा अधिकारच आपल्याला नाही.

१७/
पुन्हा मराठी मुलखात येऊ. रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये आले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या रमाबाईंनी हे पुस्तक न्यायमूर्तींच्या आठवणी म्हणून लिहिले. नाव पाहा: 'माझ्या' नव्हे, 'आमच्या'. पण नवऱ्याची थोरवी सांगता सांगता घरातील स्त्रियांचा जाच, शिकणाऱ्या सुनेला ऐकावे लागलेले टोमणे, जेवणघरातले अबोले हेही त्यात उतरले. सुधारणेचा इतिहास सभांच्या वृत्तांतांत असतो. सुधारणेची किंमत कोणी, कोणत्या खोलीत चुकवली, हे अशा पुस्तकात असते.

१८/
तिसरी साक्ष फलटणच्या बेबीताई कांबळे यांची. घरी किराणा मालाचे छोटे दुकान. माल बांधून द्यायला रद्दी यायची. त्या रद्दीतले कागद वाचता वाचता वाचनाची भूक वाढली आणि दुकानात बसूनच त्या लिहू लागल्या. नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून लपवून. वह्या जुन्या वर्तमानपत्रांखाली दडवलेल्या. सुमारे वीस वर्षे. फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांना हे लेखन कळले, त्यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले. 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये ग्रंथरूपाने.

१९/
चौथ्या पोस्टमधला करीना आठवा. ज्याला वतन, त्याला लेखी पूर्वेतिहास. महारवाड्याच्या वाट्याला वतन आले तेही राबणुकीचे; त्या वस्तीचे सण, देव, बाळंतपणे, भूक, सासुरवास, बाबासाहेबांच्या हाकेने आलेली जाग, हे आतून लिहिणारा कागद जुन्या दप्तरांत कुठे असणार? बेबीताईंचाही शब्द अनेकवचनी आहे: 'आमुचं'. मात्र रमाबाईंच्या 'आमच्या'त दोघे आहेत, बेबीताईंच्या 'आमुचं'मध्ये सारी वस्ती. पुढे एका मुलाखतीत त्यांनी स्वतः सोसलेल्या मारहाणीविषयी सांगितले. पुस्तकात ती जवळजवळ नाही. वस्तीच्या दुःखापुढे त्यांनी आपले दुःख मागे ठेवले. कोणत्याही आत्मकथनात लिहिलेल्याइतकेच न लिहिलेलेही वाचावे लागते.

२०/
म्हणून 'सर्वांनी लिहावे' असे सहजपणे म्हणताना एक भान हवे. लिहायला फक्त अक्षर पुरत नाही. वेळ लागतो, निवांत कोपरा लागतो, आणि आपली वही कोणी उघडणार नाही अशी शाश्वती लागते. ही तिन्ही साधने आजही सर्वांना सारखी मिळत नाहीत. चार बहीणभावांत एक खोली असलेल्या मुलीला रोजनिशी म्हणजे चैन नसते, जोखीम असते. याच कारणाने, ज्यांना ही सोय आहे त्यांनी केवळ स्वतःचे मन लिहून थांबू नये. घरात काम करणाऱ्या बाईंची पगारवाढ केव्हा झाली, सोसायटीच्या वॉचमनची पाळी किती तासांची होती, हेही लिहावे. त्यांच्या नोंदी कदाचित दुसऱ्या कुठे नसतील.

२१/
काही आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. पहिला: रोजनिशीत माणूस स्वतःशीही खोटे बोलतो. खरे आहे. पण तो हवेविषयी, भावाविषयी, एसटीच्या वेळेविषयी सहसा खोटे बोलत नाही. दुसरा: आपल्या वहीत इतरांची गुपिते येतात. यावर गोडसे भटजींच्या हस्तलिखिताची वाट विचार करण्याजोगी आहे. ते लिहिले एका काळात गेले, बाहेर आले दुसऱ्या काळात. लिहिणे आणि प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सोशल मीडियाने त्या एकत्र केल्यामुळे आपल्याला वाटते की, जे दाखवायचे नाही ते लिहायचेही नाही.

२२/
तिसरा आक्षेप: आता सारे काही नोंदले जातेच, मग वही कशाला? आपल्यापैकी अनेकांच्या मोठ्या भावंडांचे कॉलेजजीवन ऑर्कुटवर होते: स्क्रॅप, टेस्टिमोनियल, मैत्री, भांडणे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. ज्यांनी वेळेत उतरवून घेतले नाही, त्यांच्या त्या दिवसांचे काय उरले? मोडीतला कागद दोनशे वर्षांनी वाचता येतो, कारण तो वाचायला दुसऱ्या कोणाची परवानगी लागत नाही. आपण पूर्वीच्या कोणत्याही पिढीपेक्षा अधिक लिहितो आहोत, पण ते परक्याच्या वाड्यात ठेवतो आहोत. वाडा कधी पाडायचा, हे मालक ठरवतो.

२३/
आपण १८५७ पाहिले नाही, पण २०२० पाहिले. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, २४ मार्चच्या रात्रीची घोषणा, नंतरची रस्त्यावरून चालत निघालेली माणसे. अवघ्या काही वर्षांत त्या काळाची आठवण गुळगुळीत झाली आहे: थाळ्या, केक आणि ऑनलाइन परीक्षा. पण त्या एप्रिलमध्ये तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात कोणती वस्तू आधी संपली? गावी परतलेल्याला शाळेत किती दिवस ठेवले? घरात एकच मोबाइल असताना दोन मुलांपैकी कोणाचा तास बुडाला, मुलाचा की मुलीचा? आकडेवारी सरकारदरबारी मिळेल. घराच्या आतला क्रम, झाशीच्या त्या लुटीच्या क्रमासारखा, आतल्या माणसानेच सांगायचा असतो. अजून वेळ गेलेली नाही. आठवते ते लिहा. आणि 'हे आठवणीतून, अमुक तारखेला लिहिले' अशी वर नोंद करा, म्हणजे पुढच्या वाचकाला अंतर कळेल.

२४/
लिहायचे कसे? साधनांशी रोज झगडणाऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेतून काही सूचना:
• तारीख पूर्ण लिहा, सालासह. तिथी-वार असलेले पण साल नसलेले पत्र काय छळते, ते अभ्यासकाला विचारा.
• नाव आणि नाते दोन्ही लिहा. 'काकू आल्या' यातून पन्नास वर्षांनी काहीच कळत नाही.
• भावनांइतकेच भावही लिहा: दुधाचा, रिक्षाचा, खोलीच्या भाड्याचा.
• ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवा. 'असे म्हणतात' हे दोन शब्द सोन्याचे आहेत.
• घरात बोलले जाणारे शब्द जसेच्या तसे लिहा. प्रमाणभाषेत धुऊन घेऊ नका.
• मोबाइलवर लिहीत असाल तर वर्षातून एकदा कागदावर छापून ठेवा.
• खाडाखोड राहू द्या. तोही पुरावाच.

२५/
आणि स्वतःच्या वहीआधी घरातल्या वह्या शोधा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची, पेट्यांतली दप्तरे त्यांनी मिळवली, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने बाहेर आली. तेव्हा जे कागद वाण्याकडे पुड्या बांधायला जाऊ शकले असते, त्यांवर आज आपला इतिहास उभा आहे. आजीची पाककृतींची वही, आजोबांची हिशेबाची चोपडी, गिरणीतल्या पगाराच्या पावत्या, मनीऑर्डरीच्या कूपनावरचा दोन ओळींचा मजकूर, ही आपल्या काळाची दप्तरे आहेत. मोडी येत नाही म्हणून कागद रद्दीत घालू नका. वाचणारे आहेत, शिकवणारेही आहेत. घर बदलताना, वाटण्या होताना, कोणी गेल्यावर खोली आवरताना या वह्या हरवतात. त्या वेळी घरात इतिहासाची आवड असलेले कोणी असेल, तर ते बहुधा तुम्हीच असाल.

२६/
कर्जापायी निघालेला भिक्षुक, नदी ओलांडणारी सुईण, दुकानातल्या रद्दीखाली वही दडवणारी बाई. तिघांपैकी कोणालाही आपण इतिहास लिहितो आहोत असे वाटले नसेल; बेबीताईंना कदाचित वाटले असेल, आणि म्हणूनच त्यांनी वीस वर्षे ती वही सांभाळली. आपल्या टाइमलाइनवर उद्याही शिवकाळावर, पेशवाईवर वाद होतील, व्हायलाच हवेत. पण त्या वादांत प्रत्येक वेळी 'साधन दाखवा' असे आपण जे म्हणतो, तोच प्रश्न शंभर वर्षांनी कोणीतरी आपल्या काळाविषयी विचारणार आहे.

थ्रेड इथे थांबवतो आहे. तुमच्या घरात जुनी वही, चोपडी किंवा पत्रे असतील, तर ती कोणत्या सालातली आहेत आणि कोणी लिहिली, एवढे तरी आज रात्री वेगळ्या कागदावर टिपून तिच्यात ठेवा. खाली आजची तारीख घाला.